कंदिलाची काच

स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून द्या म्हणून चिटणीसबाई महिनाभर माझ्या मागे लागल्या होत्या. माझे शिक्षण सातवीपर्यंत. पत्राखेरीज काही लिहिण्याचा प्रसंग कधी आला नाही. पण यंदा माझ्या हातून एक गोष्ट घडली आणि ती मंडळाशी निगडित आहे. ती आज कबूल करावी आणि त्या निमित्ताने जे वाचले, ऐकले, डोळ्यांनी पाहिले ते तुम्हांला सांगावे, एवढ्यासाठी ही लेखणी हातात घेतली आहे.

आपल्या मंडळाची पहिली बैठक पंचवीस वर्षांपूर्वी आमच्या ओसरीवर झाली, हे जुन्या सभासदांना ठाऊकच आहे. मी तेव्हा नुकती लग्न होऊन मनमाडला आले होते. आलेल्या बायकांना पाणी देण्याचे काम माझ्याकडे होते, आणि मनमाडात पाणी देणे म्हणजे काय हे मला त्या दिवशी समजले. सासूबाईंनी सांगितले होते, पेला अर्धाच भर, लागले तर आणखी मागतील. बैठक सुरू झाली आणि वीज गेली. बायका उठू लागल्या, तेव्हा सासूबाईंनी आतून कंदील आणून मधोमध ठेवला. त्या उजेडात अकरा जणींनी नावे लिहिली आणि महिन्याला पाच रुपये वर्गणी ठरली. तेव्हापासून दर वर्धापनदिनाला तो कंदील आपण दोन मिनिटे का होईना, पेटवतो.

हा कंदील आमच्या मामंजींचा. मामंजी रेल्वेत दिवेवाले होते. दौंड-मनमाड फाटा १८७८ साली सुरू झाला, तेव्हापासून मनमाड हे मोठे जंक्शन. गावातली निम्मी घरे रेल्वेच्या पगारावर उभी राहिली. पूर्वी सिग्नलला वीज नव्हती. संध्याकाळी दिवेवाल्याने घासलेट भरायचे, वात कातरायची, शिडीने वर चढायचे आणि तांबड्या-हिरव्या काचेमागे दिवा ठेवून खाली यायचे. मामंजी सांगत, की सिग्नलची हिरवी काच दिवसा हातात धरून पाहिली तर निळसर दिसे. घासलेटची ज्योत पिवळी, तिच्यापुढे ती निळसर काच आली की उजेड हिरवा पडे. असला माणूस घरचा कंदील दुसऱ्याच्या हाती कसा देईल? ते स्वतः राख चाळून, मऊ फडक्याने त्याची काच पुशीत. ते गेल्यावर ते काम माझ्याकडे आले.

यंदा रौप्यमहोत्सव, म्हणून मी आधीच कंदील काढला. नीट पेटतो की नाही ते पाहिले. काचेवर एक काजळीचा डाग दिसला. कंदील विझवला आणि घाईघाईने ओला फडका फिरवला. टच्च असा आवाज झाला आणि काच खालपासून वरपर्यंत तडकली. क्षणात दोन तुकडे हातात आले. घरात कोणी नव्हते. मी तुकडे कागदात गुंडाळून कपाटावर ठेवले आणि दोन दिवस कोणाशी बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी बाजारात गेले. भांड्यांच्या दुकानदाराने विचारले, "वहिनी, कंदिलाची काच कशाला हवी? चार्जिंगचा दिवा घ्या." दुसऱ्याने सांगितले, एवढ्या जुन्या मापाची काच त्याने दहा वर्षांत पाहिलेली नाही. घरी येऊन कंदील उलटसुलट करून पाहिला, तेव्हा टाकीवर पुसट झालेली अक्षरे दिसली, "प्रभाकर". इतकी वर्षे हाताळला, पण ती अक्षरे मी कधी वाचली नव्हती. हा प्रभाकर कोण, म्हणून आमच्या लेकीला विचारले. ती कॉलेजात जाते. तिने वाचनालयातून पुस्तके आणली, काही मोबाईलवर शोधले, आणि रात्री भाकऱ्या थापताना मला वाचून दाखवले. त्यातले जे ध्यानात राहिले ते सांगते.

काच ही आपल्याकडे इंग्रजांनी आणली अशी माझी समजूत होती. ती खोटी आहे. आपल्यापासून फार दूर नसलेल्या नेवाशाला डॉ. सांकलिया यांनी १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन केले. तिथे सातवाहनांच्या काळच्या थरांत काचेचे मणी आणि बांगड्या सापडल्या. पैठण, तेर, कोल्हापूरची ब्रह्मपुरी या ठिकाणीही तशा वस्तू मिळाल्या आहेत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी गोदाकाठची बाई काचेची बांगडी भरत होती आणि ती फुटली की टाकून देत होती. आपले डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी भारतातल्या काचेचा इतिहास इंग्रजीत लिहिला आहे, तो १९६९ साली प्रसिद्ध झाला.

मणी आणि बांगडी करायला काच ओढावी, वळवावी लागते. नळीने फुंकून पोकळ भांडे करण्याची युक्ती मात्र सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राकाठी, सीरियाच्या बाजूला निघाली. आपल्याकडे बांगड्यांची काच गावोगाव होत राहिली, पण आगगाडी आल्यावर दिव्याच्या काचा, बाटल्या, पेले, तावदाने हे सगळे विलायतेहून, ऑस्ट्रियातून, जर्मनीतून, बेल्जममधून येऊ लागले. बांगड्यासुद्धा ऑस्ट्रियातून आणि पुढे जपानातून येत. आपल्या सवाष्णींच्या हातात परदेशी काच किणकिणत होती.

अशा वेळी अंताजी दामोदर काळे नावाच्या गृहस्थांना एक कल्पना सुचली. स्वदेशी उद्योग काढावयाचा तर भांडवल हवे. सावकार देणार नाहीत, सरकार तर नाहीच नाही. तेव्हा त्यांनी ठरवले की प्रत्येक माणसाने वर्षाला फक्त एक पैसा द्यावा. याचे नाव पैसा फंड. लोकमान्य टिळकांनी या कल्पनेला पाठिंबा दिला. तो पैसा म्हणजे आजचा पैसा नव्हे. चार पैशांचा आणा आणि सोळा आण्यांचा रुपया, म्हणजे चौसष्ट पैशांचा एक रुपया. लेकीने हे वाचले तेव्हा माझे हात थांबले. आपल्या मंडळात आज साठ जणी आहेत. आपण सगळ्यांनी पैसा दिला असता तरी एक रुपया पुरा झाला नसता. हजार रुपये जमवावयाचे तर चौसष्ट हजार माणसांपुढे हात पसरावा लागला असता.

तरीही त्या पैशांतून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना उभा राहिला. त्याच वर्षी लोकमान्यांना शिक्षा होऊन मंडालेला नेले. ते सहा वर्षांनी, १९१४ साली परत आले. म्हणजे कारखान्याची पहिली, कठीण वर्षे त्यांच्यावाचून गेली आणि तरी भट्टी चालू राहिली. तिथे भट्टी सांभाळावयास ईश्वरदास वार्ष्णेय हे गृहस्थ होते. ते मूळचे उत्तरेकडले. जपान आणि अमेरिका इथे जाऊन ते काचेचे काम शिकून आले होते. या कारखान्याची मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे तो नुसता माल काढण्यासाठी काढलेला नव्हता. तिथे मुले शिकत आणि शिकून दुसरीकडच्या कारखान्यांत जात. एका भट्टीवर दुसरी भट्टी पेटावी, अशी ती योजना होती. वार्ष्णेय स्वतः पुढे उत्तरेत गेले आणि बहजोई येथे त्यांनी मोठा काच कारखाना चालवला.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले आणि ऑस्ट्रिया-जर्मनीची काच येणे बंद पडले. देशी कारखान्यांना श्वास घ्यायला जागा मिळाली. १९१६ साली कऱ्हाडजवळ, तेव्हाच्या औंध संस्थानात, ओगले बंधूंनी काचेचा कारखाना काढला. त्यांच्या वडिलांचे नाव प्रभाकर. तेच नाव पुढे कंदिलाला मिळाले आणि प्रभाकर कंदील महाराष्ट्राच्या घराघरांत गेला. कारखान्याभोवती जी वस्ती झाली तिला ओगलेवाडी म्हणू लागले. कऱ्हाडचे रेल्वे स्टेशन त्या ओगलेवाडीलाच आहे. मामंजी असते तर त्यांनी हे मला आधीच सांगितले असते. तो कारखाना आता राहिला नाही. गाव आणि नाव राहिले आहे, आणि आमच्यासारख्यांच्या माळ्यावरचे कंदील.

हे सगळे कळल्यावर ती काच फोडल्याचे दुःख कमी होण्याऐवजी वाढले. पण योग असा, की दिवाळीनंतर आपल्या मंडळाची मथुरा-वृंदावन-आग्र्याची यात्रा ठरली. आग्र्याहून फिरोजाबाद सुमारे चाळीस किलोमीटर. आपल्या कासाराकडच्या बांगड्यांच्या खोक्यावर ज्या गावाचे नाव असते तेच हे फिरोजाबाद. मी भीतभीत विषय काढला. बांगड्या म्हटल्यावर कोणी नाही म्हणाले नाही. माझे खरे कारण मात्र मी कोणाला सांगितले नाही. निघण्यापूर्वी कंदिलाच्या खालच्या आणि वरच्या बैठकीचा घेर दोऱ्याने मोजला, उंचीही मोजली, प्रत्येक दोऱ्याला गाठी मारल्या आणि ते तिन्ही दोरे हळदी-कुंकवाच्या डबीत ठेवले.

मनमाडहून रात्री गाडीत बसलो. देवदर्शन झाले, ताजमहाल झाला, आणि चौथ्या दिवशी सकाळी आम्ही चौदा जणी फिरोजाबादला उतरलो. गाडीवर, सायकलवर, डोक्यावर, जिकडे पाहावे तिकडे बांगड्याच. बांगड्यांच्या माळा भरलेली हातगाडी खड्ड्यातून गेली की असा आवाज होई, की जणू पन्नास नवऱ्या मुली एकदम हात हलवीत आहेत. आम्ही आधी बाजारात शिरलो आणि एका बाईशी दहा रुपयांवरून अर्धा तास घासाघीस केली. हे मुद्दाम लिहीत आहे, कारण त्याची लाज पुढे वाटावयाची होती.

एका दुकानदाराने त्याच्या ओळखीच्या कारखान्यात आम्हांला पाठवले. तिथे फुंकून केलेला माल होत असे, म्हणजे दिव्याच्या काचा, हंड्या, झुंबराचे भाग. मालकांनी दारातच बजावले, "चप्पल मत उतारना." आम्ही बायका, कामाची जागा म्हटल्यावर सवयीने चपला काढू लागलो होतो. खाली सगळीकडे काचेचा चुरा होता.

आत गेलो आणि तोंडावर आच आली. मध्ये गोल भट्टी, तिला चहूबाजूंनी तोंडे, आणि प्रत्येक तोंडातून पांढरा-पिवळा उजेड. त्याकडे पाहवत नव्हते. आत मातीच्या मोठ्या मुशीत काच वितळलेली असते. भट्टी रात्रंदिवस चालू ठेवतात, विझवीत नाहीत. कारण थंड पडली तर मुशी तडकतात. पूर्वी ही भट्टी कोळशावर चाले. आग्र्याच्या ताजमहालाला धूर बाधतो म्हणून १९९६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि तेव्हापासून इथे कोळसा सोडून गॅस आला. काच कशाची होते, असे विचारले तेव्हा मालकांनी तीन ढीग दाखवले. पांढरी वाळू, ती प्रयागराज जिल्ह्यातल्या शंकरगडकडची. धुण्याच्या सोड्यासारखा सोडा. आणि चुनखडी. वाळू वितळायला फार आच लागते, सोडा घातला की ती लवकर वितळते, आणि चुन्याने काच पाण्यात टिकते. चौथा ढीग फुटक्या काचेचा होता. ती घातल्याने नवी काच लवकर वितळते. निळ्या रंगासाठी कोबाल्ट घालतात, हिरव्यासाठी क्रोमियम. बाकी सगळे उष्णतेचे आणि हाताचे काम.

कारागीर म्हणजे पन्नाशीचा एक किडकिडीत माणूस. त्याने पाच फुटी पोकळ लोखंडी नळी भट्टीत घातली, फिरवली आणि बाहेर काढली. टोकाला मधासारखा लाल गोळा. तो लोखंडी पाटावर लाटून गोल केला, नळीला तोंड लावून थोडी फुंकर मारली, पुन्हा भट्टीत घालून वर आणखी काच घेतली. मग तो ओट्यावर चढला. खाली बसलेल्या माणसाने ओला साचा उघडला, गोळा आत गेला, साचा मिटला आणि कारागीर नळी फिरवीत फुंकू लागला. वाफेचा फुस्स आवाज झाला. साचा उघडला तर आत कंदिलाची काच, पोटाशी फुगीर, अजून लालसर. माझ्या घशाशी काहीतरी आले.

मालक हसून म्हणाले, "माताजी, फूँक के देखेंगी?" सगळ्या माझ्याकडे पाहू लागल्या. मी खेड्यात वाढले. लहानपणी चुलीपुढे बसून फुंकणीने फुंकण्यात माझा जन्म गेला. ओली लाकडे, डोळ्यांत धूर, आणि आई म्हणायची, जोरात फुंकू नकोस, राख उडते. म्हटले, फुंकणी ती फुंकणी, चूल काय नि भट्टी काय. पदर खोचला आणि नळी धरली. ती एवढी जड की कारागिराने एका हाताने तोलून धरली नसती तर खालीच गेली असती. पहिली फुंकर मारली, काहीच झाले नाही. दुसरी जोरात मारली, तर गोळ्याची एकच बाजू फुग्यासारखी सुजली, पापडाएवढी पातळ झाली आणि फुटली. काचेचा पापुद्रा हवेत तरंगत खाली आला. सगळ्या हसल्या. कारागीर मात्र हसला नाही. तो म्हणाला, "ज़ोर से नहीं, बराबर." आईचेच शब्द त्याने हिंदीतून सांगितले.

दुसऱ्या वेळी त्याने गोळा घेऊन दिला, नळी तो फिरवीत राहिला आणि मी हळूहळू फुंकत राहिले. श्वास संपत आला की तो नाकाने घ्या म्हणून खूण करी. साचा उघडला तेव्हा आत काच होती. एका अंगाला जाड, दुसऱ्या अंगाला पातळ, पण कंदिलाची काच. मी म्हटले, ही मला द्या. तेव्हा त्याने मान हलवली. गरम काच अशीच बाहेर ठेवली तर वरून निवते, आतून तापलेली राहते आणि मग आपोआप तडकते. म्हणून ती दुसऱ्या भट्टीत ठेवून सावकाश निववावी लागते. त्यानंतर दोन्ही तोंडे कापून, कडा आगीवर धरून गुळगुळीत करतात. उद्या या, तो म्हणाला. आमची गाडी त्याच रात्री होती.

भगिनींनो, त्या क्षणी मला माझी चूक उमगली. गरम काचेला मी ओला फडका लावला होता. ही काही जादू किंवा अपशकुन नव्हता. मामंजी कंदील नेहमी सकाळी का पुसत, रात्री विझवल्यावर लगेच का पुसत नसत, ते वीस वर्षांनी फिरोजाबादच्या एका कारागिराने मला समजावले. तिथेच, सगळ्यांसमोर नव्हे, पण कोषाध्यक्षबाईंच्या कानात मी काच फोडल्याचे सांगितले. त्या म्हणाल्या, "अगं मग आधी बोलायचं नाहीस का!" आणि त्यांनीच डबीतले दोरे काढून मालकांपुढे धरले. गोदामात शोधाशोध करून दोन काचा मापाच्या आसपास मिळाल्या.

त्यानंतर बांगडीचे काम पाहिले. कारागीर वितळलेल्या काचेची तार फिरत्या लोखंडी रुळावर गुंडाळतो. त्या रुळाला ते बेलन म्हणतात, म्हणजे आपले लाटणेच. त्यावर काचेचे लांब वेटोळे होते, ते टोकदार हत्याराने आडवे कापले की तोंड उघडी असलेली कडी सुटी होतात. इथपर्यंतचे काम कारखान्यात आणि पुरुषांचे. ती कडी सरळ करून तोंडे जुळवण्याचे काम मात्र घराघरांत होते, आणि तिथे बायकाच बायका. गल्लीतल्या एका घरात आम्ही डोकावलो. एक बाई छोट्या ज्योतीपुढे बसली होती. कडे घ्यायचे, दोन टोके ज्योतीवर धरायची, चिकटवायची, बाजूला टाकायचे. वारा लागून ज्योत हलू नये म्हणून पंखा बंद. तिच्या बोटांची टोके कठीण, काळपट झालेली. मजुरी तोड्यावर, म्हणजे बांगड्यांच्या जुडग्यावर मिळते. एका बांगडीला किती पडते, असे आमच्यातल्या एकीने विचारले. ती हसली आणि म्हणाली, एका बांगडीचे पैसे होतच नाहीत. हिशेब जुडग्याचाच.

आम्ही चौदा जणी हातातल्या पिशव्या घेऊन गप्प उभ्या होतो. मघाशी दहा रुपये सोडवल्याचा आनंद कुठल्या कुठे गेला. आपण कासाराकडे हात पुढे करतो, तो बांगडी भरतो, आपण म्हणतो किती महाग झाल्या. त्या प्रत्येक बांगडीवर कुठेतरी एक सांधा असतो. घरी जाऊन उजेडात धरून पाहा, दिसेल. तो सांधा बहुधा अशाच एखाद्या बाईने घातलेला असतो.

परतीच्या गाडीत एक काच कोणाच्या तरी बॅगेखाली येऊन फुटली. दुसरी मी मांडीवर घेऊन मनमाडपर्यंत आणली. ती कंदिलात बसली. किंचित सैल आहे, हलवले की तारेला लागून वाजते, पण बसली. माझ्या फुंकरीची ती वाकडी काच दुसऱ्या दिवशी चौथ्या ढिगात गेली असेल आणि पुन्हा वितळली असेल. तिथे काही वाया जात नाही, याचे समाधान आहे.

आता शेवटचे आणि महत्त्वाचे. वर्गणी पाचाची वीस रुपये झाली त्याला बरीच वर्षे झाली. येत्या सर्वसाधारण सभेत ती महिना शंभर रुपये करावी असा ठराव येणार आहे. गाडीत त्यावर बोलणे निघाले. कोषाध्यक्षबाईंचे म्हणणे मी इमानाने सांगते. सभागृहाचे भाडे वाढले, शिवणवर्गाची दोन यंत्रे बंद आहेत, विजेचे बिल भरताना दर वेळी ओढाताण होते. त्या खोटे बोलत नाहीत. हिशेबाच्या वह्या त्यांच्याकडे आहेत आणि पुष्कळदा कमी पडलेले पैसे त्यांनीच पदरचे घातले आहेत. त्या असेही म्हणाल्या, की पैसा फंडाचे उदाहरण ऐकायला गोड आहे, पण पैशापैशाने भांडवल जमायला वर्षे लागतात, आणि बिल महिन्याला येते.

हे खरे आहे. पण आपल्यात कांद्याच्या खळ्यावर निवडणीला जाणाऱ्या पाच-सहा जणी आहेत. धुणीभांडी करणाऱ्या आहेत. शंभर रुपयांची गोष्ट निघाली तेव्हापासून त्यांतल्या दोघी बैठकीला आल्या नाहीत. विचारले तर म्हणतात, घरी पाहुणे होते. आपण बायका आहोत, पाहुणे म्हणजे काय ते आपल्याला कळते. पैसा फंडवाल्यांना काही थोड्या श्रीमंतांकडून मोठ्या रकमा घेता आल्या असत्या. तरी त्यांनी माणशी एकच पैसा मागितला, कारण त्यांना कारखाना जितका हवा होता तितकाच तो सगळ्यांचा असावा असेही वाटत होते. पैसा देणारा मोलकरी तळेगावच्या भट्टीकडे बोट दाखवून ही माझी म्हणू शकत होता. शंभर रुपये केले तर बिल भरले जाईल. पण ज्या अकरा जणींनी कंदिलाच्या उजेडात नावे लिहिली, त्यांतल्या किती जणी त्या दिवशी शंभर देऊ शकल्या असत्या? आमच्या सासूबाई तरी नाही.

म्हणून माझी सूचना अशी. वर्गणी वीसच असावी. ज्यांना अधिक देणे शक्य आहे त्यांनी बैठकीच्या दारात ठेवलेल्या बंद पेटीत, नाव न लिहिता टाकावे. कोणी किती टाकले हे कोणाला कळू नये. शिवणयंत्रे दुरुस्त झाली की वर्गातल्या मुलींच्या कामातून थोडा भाग मंडळाला यावा. वर्षभर करून पाहू. जमले नाही तर पुढच्या सभेत शंभरच्या बाजूने मीच हात वर करीन. आणि बैठकीला न येणाऱ्या त्या दोघींकडे सभेच्या आधी कोणीतरी जावे. कोणी गेले नाही तर मी जाईन.

वर्धापनदिनी कंदील पेटेल. त्याची काच जुनी नाही, हे आता तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. कार्यक्रम संपल्यावर तो कोणी पुसायला घेऊ नये, एवढी विनंती. सकाळी, चांगला निवल्यावर, मी पुशीन.

लिहिण्यात चुका झाल्या असतील, त्या चिटणीसबाईंनी सुधारून घ्याव्यात. लांबलेही आहे. असो. इथेच पुरे करते.